बाळाचे कपडे: ऑक्टोबरच्या उकाड्यापासून निफाडच्या थंडीपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ जूनच्या मध्याला झालं, आता तीन महिन्यांचं आहे. बारशाला फुलबाह्यांचे होजियरीचे जोड आले, फ्लॅनेलची झबली-टोपडी आली, दोन लोकरी स्वेटर आणि दुपट्यांचा ढीग आला. पाऊस ओसरतोय, मुंबईत आता ऑक्टोबरचा उकाडा सुरू होईल आणि नाताळच्या सुट्टीत बाळाला घेऊन निफाडला माहेरी जायचंय. घरात सासूबाईंची जुनी उषा मशीन आहे आणि तुम्हाला सरळ टीप घालता येते. नवीन खरेदी न करता आहेत तेच कपडे कसे बेतायचे?

मी परळला घरीच लहान मुलांचे कपडे शिवते आणि शिवणाचे क्लास घेते. दर वर्षी गणपती झाले की हाच प्रश्न घेऊन नव्या आया येतात. सरळ टीप येते ना, मग पुष्कळ झालं. यातलं बहुतेक काम तेवढ्यावर होतं, उरलेलं हाताने.

कात्री हातात घेण्याआधी एक ठरवून टाका. कपडा आज समोर दिसणाऱ्या बाळावर बेतायचा नाही. तो ज्या महिन्यात अंगावर चढणार, त्या महिन्यातल्या बाळावर बेतायचा. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेलं मूल वर्षाचं होईपर्यंत ७५ च्या आसपास जातं, आणि त्यातली मोठी वाढ पहिल्या सहा महिन्यांतच होते. तुमचं बाळ आत्ता ६० सेंटिमीटरच्या आगेमागे असेल. नाताळात ते सहा महिन्यांचं होईल, तेव्हा ते आणखी सहाएक सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच इंच वाढलेलं असेल. डोकंही वाढतं. तिसऱ्या महिन्यात त्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या जवळपास असतो, सहाव्यात ४२-४३ आणि वर्षाला ४५-४६. डोक्यावरून आज सहज उतरणारा गळा डिसेंबरात कानांवर अडकतो तो यामुळे. त्यामुळे थंडीसाठी जे शिवाल ते आत्ता बाळाला ढगळच दिसलं पाहिजे. आत्ता बेताचं बसलं तर समजा ते वाया गेलं.

आता मुंबईच्या हवेचं बघू. आपल्याकडे थंडी अशी नसतेच. जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १६-१७ अंशांवर असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. आपल्या मुलांना त्रास होतो तो दमट हवेचा, घामाचा आणि न वाळणाऱ्या कपड्यांचा. निफाडचं गणित वेगळं. तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, पण तोही पहाटे. दुपारी उन्हात बाळ स्वेटरमध्ये घामाघूम होतं. दोन्हीकडे उपयोगी पडतो तो चटकन काढता-घालता येणारा कपडा. एक जाड कपडा चढवण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. मोठ्यांना त्या हवेत जेवढं लागतं त्यावर बाळाला एक थर जास्त, एवढंच धरून चाला. बाळाला गरम होतंय की थंडी वाजतेय हे हातापायांवरून ठरवू नका, ते थंडच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा.

ढिगाचे तीन भाग करा. शून्य ते तीन महिने असं लेबल असलेले कपडे एका बाजूला. हे डिसेंबरपर्यंत बसणार नाहीत, त्यामुळे बेधडक कापा. सहा ते बारा महिन्यांचे दुसऱ्या बाजूला, त्यांना आत्ता कात्री लावू नका. मधल्या मापाचे राहतील त्यांची माया उलटून बघा. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं कापड. आजीने किंवा मावशीने हाताने शिवलेल्या झबल्यात ती चांगली अर्धा-पाऊण इंच मिळते आणि कडेच्या शिलाया उसवून पुढे घेतल्या की घेर दीड-दोन इंच वाढतो. तयार कपड्यांत माया नसतेच, ओव्हरलॉक मारून, म्हणजे मशीनने कड दोऱ्यात गुंडाळून, कापून टाकलेली असते. त्यांचा घेर वाढवायचा तर काखेखाली पट्टी जोडावी लागते.

माप घेताना वळवळणाऱ्या बाळावर टेप धरू नका. ज्या कपड्यात बाळ आज मोकळं दिसतं तो कपडा टेबलावर सपाट पसरा आणि त्याचं माप घ्या: खांद्यापासून खालपर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, बाहीची लांबी, आसन. त्यात वाढ मिळवा. आणि बाळाच्या अंगावर कपडा असताना टाचणी लावायची नाही, कधीच नाही. खडूने खूण करा, कपडा उतरवा, मग टाचा. कामाला बसताना टाचण्या मोजून घ्या आणि उठताना मोजून डबीत ठेवा.

ऑक्टोबरचं काम म्हणजे मुख्यतः बाह्या. फुलबाहीचा होजियरीचा टॉप अर्ध्या बाह्यांचा करायचा. पुष्कळ जणी कोपरावर कापतात. तिथे कापू नका. कोपराच्या घडीत घाम साचतो, तिथेच कपड्याची कड घासली की दोन दिवसांत लाल होतं. कोपराच्या दोन बोटं वर कापा. टॉप मधोमध उभा दुमडा म्हणजे दोन्ही बाह्या एकावर एक येतील, काखेच्या शिलाया जुळवा, खडूची रेघ काखेच्या शिलाईला काटकोनात मारा आणि दोन्ही बाह्या एकदम कापा. वेगवेगळ्या कापल्या की हमखास कमीजास्त होतात. कापल्यावर काखेखालची शिलाई जिथे तुटली तिथून ती उसवत जाते, म्हणून आधी तिथे हाताने तीन-चार उलटे टाके घालून दोरा घट्ट करा. मग कडेकडे बघा. होजियरीची कापलेली कड मागावर विणलेल्या साध्या कापडासारखी सुटत नाही, ती फक्त बाहेरच्या बाजूला वळते. घरात घालायच्या टॉपला ती तशीच राहू दिली तरी चालते, आणि दुमड नसल्याने लवकर वाळतेही.

दुमडायचीच असेल तर जुन्या मशीनवर एक अडचण येते. त्यावर फक्त सरळ टीप असते आणि होजियरी ताणली की सरळ टीप तुटते. तेव्हा टीप मोठी ठेवा, ११ नंबरची बॉलपॉइंट सुई लावा आणि कापड पुढून-मागून किंचित ताणून धरत शिवा. साधी टोकदार सुई होजियरीचे धागे फोडते, दोन-चार धुण्यांत टिपेच्या बाजूने बारीक भोकं पडतात. यापेक्षा मला हाताने घातलेला हेरिंगबोनचा तिरका टाका जास्त आवडतो. तो कापडाबरोबर ताणला जातो. एका बाहीला सात-आठ मिनिटं लागतात, बाळ मांडीवर झोपलेलं असताना मात्र करू नका. सुईदोरा आणि बाळ एका जागी नकोत.

कापलेले बाहीचे तुकडे फेकू नका. मनगटाला घट्ट पट्टी असलेली ती चार-पाच इंचांची नळी असते आणि डिसेंबरात तीच लागणार आहे. थंडीत मधल्या मापाच्या पँट आखूड होतात, पोटरी उघडी पडते. पँटची मोहरी उसवा, नळी उलटी करून सुलटी बाजू सुलट्या बाजूला लावा. नळी मोहरीपेक्षा अरुंद असते, म्हणून चार ठिकाणी खुणा जुळवून ताणत ताणत शिवा. पँट अडीच-तीन इंच लांब होते आणि पट्टीमुळे रांगताना वर सरकत नाही. रंग जुळत नसतील तर बिघडत नाही. निळ्या पँटला पिवळी मोहरी छानच दिसते.

पाय झाकलेले रोंपर असतील तर ते आधी घ्या. बाळाची बोटं आत वळून दबायला लागली तरी आपल्याला बाहेरून कळत नाही. घोट्याच्या थोडं खाली कापा, दुमडायला अर्धा इंच ठेवा. त्या एका कापण्याने रोंपर दोन महिने वाढतो. आसनाला टिच बटणं असलेले बॉडीसूट लांबीला पुरेनासे झाले की बटणांची पट्टीच कापून टाका, कड दुमडा, सुटा टॉप तयार. खांद्यावर लाल वण उठायला लागले की समजावं हा लांबीला कमी पडतोय.

गळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घामोळं सुरू होतं ते मानेच्या वळ्यांतच. बारशाच्या झबल्यांना गळ्याभोवती लेस किंवा दुहेरी पट्टी असते. ती उसवा. रिपरने एकेक टाका आड तोडत गेलात तर पट्टी ओढून अलगद निघते, कापड ओढू नका. मग गळा चहूबाजूंनी पाव इंच खाली कापा, जास्त नको, पाव इंच वर्तुळाला खूप होतं. त्यावर मलमलची तिरकी कापलेली पट्टी लावा. सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या गोलाईवर चुण्या धरते, तिरकी पट्टी वळते. पट्टी सव्वा इंच रुंद घ्या, झबल्याच्या आतल्या, उलट्या बाजूने शिवा, आतली माया कापून अगदी पाव इंचापेक्षाही कमी ठेवा आणि पट्टी बाहेर उलटून हाताने बारीक हेम घाला. म्हणजे या पट्टीचं दुमडलेलं तोंड बाहेरच्या बाजूला येऊ द्या. शिलाईचा जाड भाग बाळाच्या कातडीला लागायला नको, दिसायला तो जरा वेगळा दिसला तरी चालेल. याच कारणाने मी अगदी लहान बाळाच्या झबल्याच्या कडेच्या शिलायाही बाहेर ठेवते.

मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका. कापल्यावर राहिलेली चिंधी मूळ लेबलाहून जास्त टोचते. शिलाई उसवून पूर्ण काढा. नायलॉनचा पारदर्शक दोरा कुठेच वापरू नका, त्याचं तोडलेलं टोक काट्यासारखं लागतं.

डोक्यावरून घालायचा गळा डिसेंबरात अडकणार असेल तर डाव्या खांद्याची शिलाई उसवा, मागच्या भागावर पाऊण इंचाची पट्टी जोडा, पुढचा भाग त्यावर येऊ द्या आणि दोन टिच बटणं लावा. ज्या टॉपचा खांदा उघडतो तो घालताना बाळ रडत नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

आता बांधायच्या बंदांकडे वळते, आणि इथे तुम्ही माझं ऐकाच. पारंपरिक झबल्याला मागे बंद असतात, टोपड्याला हनुवटीखाली, कुंचीला गळ्याशी नाडी. तीन महिन्यांचं मूल हालचाल करत नाही असं वाटतं, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात ते पालथं पडायला लागतं आणि त्याचे हात जे सापडेल ते ओढतात. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांसाठी ईएन १४६८२ नावाचं मानक आहे, त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत डोक्याजवळ आणि गळ्याशी नाडी किंवा बंद मुळीच चालत नाही. आपणही तेच पाळावं. गळ्याशी असलेले सगळे बंद काढा. झबल्याचे पाठीमागचे बंद काढून कडेला काखेखाली घ्या, चार इंचांपेक्षा लांब ठेवू नका. पाठीवर गाठ असली की बाळ उताणं झोपलेलं असताना ती रुतत राहते. कुंची सुंदर असते, आजोळी जाताना बाळाला घालाच, पण नाडी काढून तिथे मलमलची छोटी पट्टी आणि एक टिच बटण लावा, म्हणजे ओढलं तर पटकन सुटेल.

टोपडं घरात, विशेषतः झोपताना, नको. बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटे मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि झोपेत डोकं झाकलेलं राहिलं तर बाळ जास्त तापतं. बालरोगतज्ज्ञ आता घरात झोपताना टोपी घालू नका असंच सांगतात. आजी नाराज होतील, तर बाहेर नेताना आवर्जून घाला.

साधी बटणं नकोत, टिच बटणंच लावा. शोभेची मणी, मोती, फुलं, लोकरीचे गोंडे सगळं काढा. सहाव्या महिन्यात हाताला लागेल ते तोंडात जातं. टिच बटण लावताना एका पातळ कापडावर लावू नका, मागे आणखी एक तुकडा ठेवा आणि प्रत्येक भोकात चार-पाच वेढे घ्या. लावून झालं की दोन बोटांत धरून जोराने ओढून बघा. लोखंडी टिच बटण मुंबईच्या हवेत गंजतं, स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. भुलेश्वरला लेस-बटणांच्या दुकानांत पुठ्ठ्यावर टाचलेली सगळ्या मापांची मिळतात.

हातमोजे-पायमोज्यांबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. बारशाच्या सेटमधले हातमोजे-पायमोजे उलटे करून बघा. आत सुटे धागे लोंबत असतात. बाळाच्या बोटाभोवती असा एक धागा गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा बंद होऊन बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते आपल्याला कळत नाही. प्रत्येक धागा मुळाशी कापा, आतल्या ओव्हरलॉकच्या कडेवर मलमलची पातळ पट्टी हाताने लावून ती झाकून टाका. वेळ नसेल तर हातमोजे घालूच नका, नखं वेळेवर कापा. प्रत्येक आंघोळीनंतर बाळाची हातापायाची बोटं बघायची सवय लावून घ्या.

पँटबद्दल दोन गोष्टी. पहिली आसन. बारीक पायांच्या, जीन्ससारख्या बेतलेल्या पँट भेट म्हणून खूप येतात. कापडी लंगोट घातल्यावर त्यात मांड्या जवळ दाबल्या जातात. या वयात मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या राहणं खुब्याच्या सांध्यासाठी चांगलं. आसनाची शिलाई चारही बाजूंनी दोन-दोन इंच उसवा आणि तीन इंचांचा चौकोनी तुकडा टोकावर उभा धरून, म्हणजे शंकरपाळ्यासारखा, कळी म्हणून जोडा. कोपऱ्यांवर सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचला आणि कापड फिरवा, म्हणजे कोपरा फाटत नाही. दुसरी गोष्ट इलॅस्टिक. पाजल्यानंतर बसलेल्या बाळाच्या पोटाचं माप घ्या, इलॅस्टिक त्याहून फार तर एक इंच कमी. करगोटा बांधलेला असेल तर इलॅस्टिक त्याच्यावर येऊ देऊ नका, दोन्हींमध्ये कातडी कापल्यासारखी होते. नेफा अर्धा इंच खाली घ्या. नेफ्याच्या आतल्या बाजूला इंचभर शिलाई मोकळी ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात इलॅस्टिक ओढून सैल करता येईल.

मुलगी असेल आणि फ्रॉक असतील तर ते सगळ्यात सोपे. लांब फ्रॉकच्या घेरावर आडव्या प्लेट घाला. अर्ध्या इंचाच्या प्लेटमध्ये एक इंच कापड जातं, तेव्हा तीन प्लेटमध्ये तीन इंच सामावतं. वाढेल तशी एकेक प्लेट सोडायची. टीप मोठी ठेवा, दोरा रंगाशी जुळणारा घ्या.

आता डिसेंबर. निफाडसाठी फार नको, दोनच गोष्टी शिवा: एक बंडी आणि एक झोपायची पिशवी.

बंडीसाठी तुमच्याकडे सगळं साहित्य आहे. फ्लॅनेलचं एक दुपटं आणि एक जुनी सुती साडी. आईची किंवा सासूबाईंची, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेली. नवीन कापड घ्यायचंच असेल तर हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटला मलमल आणि केंब्रिक बघा, पण कोरं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, गरम पाण्यात खळ काढून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन-पाच आटतं. बंडीचं आतलं आणि बाहेरचं कापड वेगवेगळं आटलं तर ती कायमची फुगते.

दुपट्याची चौपट घडी घाला, त्यावर आज नीट बसणारं झबलं ठेवा. मापाभोवती खडू फिरवताना कडेला पाऊण इंच जास्त, खाली अडीच इंच जास्त, मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, अर्धा इंच खोल. आत स्वेटरची नव्हे, होजियरीच्या बाहीची जागा हवी, एवढं लक्षात ठेवा. पुढून उघडी ठेवा. साडीच्या कापडातून तेच माप दोनदा कापा, एक आत, एक बाहेर, मध्ये फ्लॅनेल. तिन्ही थर सपाट पसरून मधून कडेकडे जात मोठे कच्चे टाके घाला. मग गोधडीला घालतो तसा धावदोरा, ओळींत दोन बोटांचं अंतर. दाट घातलात तर बंडी कडक होते आणि उबही कमी होते, कारण ऊब धरते ती थरांमधली हवा. खांद्याला मागच्या भागाचं कापड दीड इंच लांब ठेवा आणि त्यावर टिच बटणांच्या दोन ओळी लावा. डिसेंबरात आतल्या ओळीवर, फेब्रुवारीत बाहेरच्या. कडांना सगळीकडे तिरकी पट्टी. बाह्या नाहीत, त्यामुळे काखेत घाम येत नाही आणि बाळ कडेवर घेताना चुरगळत नाही. मुंबईत परतल्यावर हीच बंडी एसी लोकलमध्ये आणि डॉक्टरांच्या थंडगार खोलीत कामाला येते.

झोपायची पिशवी का, तर सैल पांघरूण बाळाच्या तोंडावर जाऊ शकतं म्हणून. पिशवी अंगातच असते, लाथा मारल्या तरी निघत नाही. वरचा भाग बिनबाह्यांच्या झबल्यासारखा, खाली ती पिशवीसारखी बंद. खांद्यापासून टाचेपर्यंतच्या मापात पाच-सहा इंच मिळवा, पायाशी रुंद ठेवा म्हणजे पाय फाकवता येतील. खांदे टिच बटणांनी उघडणारे. खालची कड शिवून न टाकता तिलाही टिच बटणं लावा, रात्री लंगोट बदलताना बाळ पूर्ण उघडं करावं लागत नाही. एक अट अशी की बटणं लावलेल्या अवस्थेत गळा बाळाच्या डोक्यापेक्षा स्पष्ट लहान हवा आणि मुंढे बेताचे. नाहीतर बाळ आतमध्ये घसरेल. वाढीची माया इथे लांबीत ठेवा, गळ्यात ठेवू नका. निफाडसाठी फ्लॅनेलची एकपदरी शिवा, मुंबईसाठी मलमलची दुपदरी.

लोकरीच्या स्वेटरना कापू नका, सुयांवर विणलेलं एकदा कापलं की ओळीच्या ओळी सुटतात. ते टोचत असतील तर गळ्याला आणि मनगटाला आतून मलमलची पट्टी हाताने लावा. जाळीच्या नक्षीचा असेल तर पुढच्या दोन्ही भागांना पूर्ण अस्तर लावा, बाळाची बोटं जाळीत अडकतात. अस्तर स्वेटरपेक्षा थोडं सैल घ्या आणि टाके सैल घाला, नाहीतर स्वेटर ताणला जाणार नाही.

फ्लॅनेलच्या लहान झबल्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्या बाह्या कापून मुंबईच्या पहाटेसाठी वापरा. मात्र दिवाळीत पणत्या-फटाक्यांच्या जवळ बाळाला फ्लॅनेल किंवा चमकदार पॉलिस्टर घालून नेऊ नका. फ्लॅनेलची केसाळ बाजू झटकन पेटते आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पॉलिस्टर तसंही बाळाला कमीच घाला. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम मग कातडीवरच राहतो. भेट आलेला पॉलिस्टरचा चकचकीत ड्रेस फोटोपुरता घालायचा असेल तर आत मलमलचं बिनबाह्यांचं झबलं घाला.

पुढच्या पावसाळ्यासाठी आत्ताच एक करून ठेवा. शिवलेले जाड, चार-पाच पदरी लंगोट उसवून एकपदरी चौकोन करा. घडी घालून वापरायचे आणि दोरीवर उलगडून वाळवायचे. जुलैत पंख्याखाली एकपदरी मलमल रात्रीत वाळते, शिवलेला जाड लंगोट दोन दिवस दमट राहतो आणि त्याला वास येतो.

स्वेटर आणि सहा ते बारा महिन्यांचे कपडे बासनात ठेवताना डांबरगोळ्या घालू नका. त्यातल्या नॅप्थलीनची वाफ कपड्यात मुरते, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. हे कमी असल्याचं घरच्यांना बहुधा माहीतही नसतं. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि माळ्यावरून काढलेला कोणताही जुना कपडा, मग तो बाबांच्या बारशाचा असला तरी, धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नका. डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर धुऊनही तो घालू नका.

ओव्हरलॉक लागेल असे तुकडे, म्हणजे पँटला जोडलेल्या मोहऱ्या आणि काखेखालच्या पट्ट्या, एकत्र गोळा करा आणि जवळच्या ब्लाउजवाल्या टेलरकडून एकदाच मारून आणा. घटस्थापनेच्या आधी न्या. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो.